वानगी खरी, माल खोटा : नोकरीच्या नावाने चाललेली लूट आणि आपल्या बाजारातला जुना धडा

कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. नवी पार्टी दुकानात येते. पहिला माल रोखीने नेते. दुसऱ्या मालाचे पैसे मुदतीच्या आधीच पाठवते. भाव पाडत नाही, वटावासाठी भांडत नाही. दलालही तिची तारीफ करतो. तिसऱ्या वेळी मात्र ती पार्टी दहापट माल मागते आणि साठ दिवसांची उधारी मागते. कच्चा व्यापारी खूश होतो. पक्का व्यापारी येथे थांबतो आणि चौकशी करतो. कारण पहिल्या दोन वेळी मिळालेली रोख रक्कम ही तिसरा माल उचलण्यासाठी टाकलेली किंमत असू शकते, हे त्याला ठाऊक असते. अशा पार्ट्यांनी कितीतरी पेढ्या बसवल्या आहेत.

हीच चाल आज आपल्या मुलांवर नोकरीच्या नावाने खेळली जात आहे. फरक इतकाच की तेथे ताक्यांचे गठ्ठे जात होते, येथे आईचे भिशीचे पैसे जातात. आपल्याला ठाऊक असलेला धडा आपण मुलांना दिलेला नाही, म्हणून हा लेख.

आमच्या दुकानात काय घडले

आमच्या भिवंडीच्या दुकानात ग्रे कापडाची घडी घालणारा एक तरुण आहे. बारावी झालेला, स्वभावाने सरळ. गेल्या वर्षी एका सोमवारी त्याने ५,००० रुपये उचल मागितली. आम्ही दिली. बुधवारी आणखी ७,००० मागितली. घरात आजारपण असेल असे समजून आम्ही तीही दिली. शुक्रवारी मुनीमजींनी सांगितले की पोरगा मागच्या खोलीत गठ्ठ्यावर बसून रडतो आहे.

त्याने मोबाइल पुढे केला. एका मोठ्या कंपनीच्या नावाने त्याला संदेश आला होता : घरबसल्या ‘मिस्टरी शॉपर’चे काम, रोज दोन-तीन तास, अनुभवाची गरज नाही. काम असे की मोबाइलवर हॉटेलांची आणि दुकानांची नावे येतील, त्यांना तारे द्यायचे आणि दोन ओळी चांगल्या लिहायच्या. पहिल्या दिवशी त्याच्या खात्यात १५० रुपये खरोखर आले. दुसऱ्या दिवशी २०० आले. तिसऱ्या दिवशी त्याला चाळीस माणसांच्या एका गटात घेतले. तेथे प्रत्येक जण आपल्या कमाईचे फोटो टाकत होता. मग ‘मोठे काम’ आले : १,००० भरा, १,३०० मिळतील. त्याने भरले आणि १,३०० मिळाले.

त्यानंतर ५,००० मागितले. ते भरल्यावर सांगितले की काम तीन भागांत आहे, मध्येच सोडले तर आधीचे पैसे अडकतील. मग १३,००० भरले. मग म्हणाले, तुमच्याकडून चूक झाली, खाते बंद पडले, आता कर आणि दंड मिळून २८,००० भरा म्हणजे सगळी रक्कम एकदम मिळेल. तेही भरले. मोबाइलच्या पडद्यावर त्याच्या नावे ७१,००० रुपये दिसत होते, पण काढता येत नव्हते. शुक्रवारी आणखी ३५,००० मागितले, तेव्हा त्याच्याजवळ काहीच उरले नव्हते.

हिशेब मांडला. हातात आले १,६५० रुपये. शेवटच्या तीन वेळांत गेले ४६,०००. त्यांत १२,००० आमची उचल आणि ३४,००० त्याच्या आईच्या भिशीचे. गटातली ती चाळीस माणसे बहुतेक त्याच टोळीची असावीत, हे त्याला आम्ही सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सेठ, मी हावरा नाही. दोनदा पैसे आले म्हणून विश्वास बसला.”

त्याचे म्हणणे खरे होते. आम्हाला आमचीच चूक जास्त बोचली. नव्या पार्टीला माल देताना आम्ही चार ठिकाणी चौकशी करतो. पण तीन दिवसांत दोनदा उचल मागणाऱ्या आपल्या कारागिराला “बेटा, कशासाठी?” एवढे विचारले नाही. सोमवारी विचारले असते तर सगळेच पैसे वाचले असते.

खरे काम काय असते

मिस्टरी शॉपिंग हे काम मुळात खोटे नाही. मोठ्या दुकानांच्या साखळ्या, हॉटेले, पेट्रोल कंपन्या, बँका आपल्या शाखांमध्ये गिऱ्हाइकाशी कसे वागले जाते हे पाहण्यासाठी बाहेरच्या संस्थेला काम देतात. ती संस्था एखाद्या माणसाला साध्या गिऱ्हाइकाच्या वेशात पाठवते. तो खरेदी करतो, नोकराचे बोलणे, स्वच्छता, बिल दिले की नाही हे पाहतो आणि लेखी अहवाल देतो. त्याबद्दल थोडा मेहनताना आणि खरेदीची भरपाई मिळते. हा जोडधंदा असतो. त्यावर कोणी श्रीमंत होत नाही.

येथे एक बारीक भेद लक्षात ठेवावा. खऱ्या कामातही कधी कधी आधी स्वतःच्या खिशातून छोटी खरेदी करावी लागते. पण तो पैसा दुकानाच्या गल्ल्यावर जातो, हातात वस्तू आणि पावती येते. काम देणाऱ्याच्या खात्यात पैसे भरायला खरी संस्था कधीच सांगत नाही. आणि घरी बसून, दुकान न पाहता तारे देणे ही तर पाहणीच नव्हे. ती खोटी साक्ष आहे. ज्या कामाची सुरुवातच खोट्या साक्षीने होते, त्यात बरकत कोठून येणार?

अमेरिकेतला चेक, आपल्याकडचा मोबाइल

ही ठकबाजी मिस्टरी शॉपरच्या नावाने अमेरिकेत फार वर्षांपासून चालत आली आहे. तेथे उमेदवाराला टपालाने एक मोठ्या रकमेचा चेक येतो. सोबतच्या पत्रात लिहिलेले असते : हा चेक खात्यात भरा, आपला मेहनताना ठेवून घ्या, उरलेल्या रकमेची अमुक दुकानातून गिफ्ट कार्डे घ्या किंवा अमुक ठिकाणी पैसे पाठवा, आणि सेवा कशी होती ते कळवा. तेथील कायद्याप्रमाणे बँकेला चेकची रक्कम थोड्याच दिवसांत वापरायला द्यावी लागते. माणूस समजतो की चेक वटला. तो कार्डे घेऊन त्यांचे क्रमांक कळवतो. काही आठवड्यांनी चेक बनावट निघतो आणि बँक सगळी रक्कम त्याच्याकडून वसूल करते. खात्यात रक्कम दिसणे आणि चेक खरोखर वटणे यांतला फरक आपल्या व्यापाऱ्यांना सांगायला नको. चेक परतल्याचा झटका आपल्यापैकी कित्येकांनी खाल्ला आहे.

आता तेथेही चेकपेक्षा मोबाइलवरच्या कामांची फसवणूक वाढली आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ च्या शेवटी दिलेल्या आकड्यांनुसार अशा ‘टास्क’ फसवणुकीच्या २०२३ मध्ये सुमारे ५,००० तक्रारी आल्या होत्या, तर २०२४ च्या पहिल्या सहाच महिन्यांत सुमारे २०,००० आल्या. म्हणजे फसणारे फक्त आपलेच अडाणी लोक आहेत, असा न्यूनगंड कोणी बाळगू नये.

आपल्या देशातही सरकारला याची दखल घ्यावी लागली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या शिफारशीवरून गुंतवणूक आणि अर्धवेळ नोकरीच्या नावाने फसवणाऱ्या शंभरहून अधिक वेबसाइटी बंद करण्यात आल्या. सरकारने तेव्हा सांगितले की या टोळ्या परदेशातून चालतात, ‘घर बैठे जॉब’ यांसारख्या शब्दांनी अनेक भाषांत जाहिराती देतात, आणि त्यांचा नेम निवृत्त माणसे, स्त्रिया आणि बेकार तरुणांवर असतो. म्हणजे ज्यांच्या घरात एकेक रुपया मोलाचा, त्यांच्यावरच.

भरती करणाऱ्याचे सोंग

दुसरा प्रकार सोंगाचा. यात नोकरी खऱ्या कंपनीची सांगितली जाते, माणूस मात्र खोटा असतो. कंपनीचे नाव, बोधचिन्ह, पत्ता, इतकेच नव्हे तर कंपनीत खरोखर काम करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आणि फोटोही वापरला जातो. मुलाखत फक्त लेखी संदेशावर होते. अर्ध्या तासात नेमणुकीचे पत्र येते. मग नोंदणी शुल्क, गणवेश, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत, अशा नावांनी पैसे मागतात आणि ‘पहिल्या पगारात परत मिळतील’ असे सांगतात.

आपले लोक येथे एक चूक करतात. ते जीएसटी क्रमांक तपासतात, तो खरा निघतो, आणि ते निश्चिंत होतात. जीएसटी क्रमांक तर प्रत्येक बिलावर छापलेला असतो. तो कोणीही उतरवून घेऊ शकतो. क्रमांक खरा असल्याने पेढी खरी ठरते, पण समोर बोलणारा त्या पेढीचाच आहे हे सिद्ध होत नाही. आपल्या नावाची बिल्टी दाखवून दुसराच माणूस गठ्ठे सोडवून नेतो, तसेच हे आहे.

यावर उपाय एकच : उलटी खात्री. ज्या क्रमांकावरून संदेश आला त्यावर विचारू नये. त्याने दिलेल्या दुव्यावर जाऊ नये. कंपनीचा फोन क्रमांक आपण स्वतः दुसऱ्या मार्गाने शोधावा आणि तेथे विचारावे की अमुक जागेची भरती आपण काढली आहे काय. कंपनी जवळच्या शहरात असेल तर एक माणूस प्रत्यक्ष जाऊन यावा. शंभर-दोनशे रुपये भाडे लागेल, पण हजारो वाचतील. संदेश कंपनीच्या पत्त्याऐवजी फुकटच्या ई-मेलवरून आला असेल, किंवा पत्त्यात एखादे अक्षर इकडचे तिकडे असेल, तर तेथेच थांबावे. भिंग लावून कापडाचे धागे मोजणाऱ्या माणसाला एवढी अक्षरे मोजणे जड नाही.

सरकारी नोंदणीचे मार्गही आहेत. केंद्र सरकारची ‘राष्ट्रीय करिअर सेवा’ २०१५ पासून चालू आहे आणि महाराष्ट्र सरकारचे ‘महास्वयम’ आहे. तेथे नोकरीसाठी नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. त्यांच्या नावाने कोणी पैसे मागत असेल तर तो ठक समजावा.

आखाताची आणि त्यापलीकडची नोकरी

आपल्या वस्त्यांतून पिढ्यान् पिढ्या मुले आखातात जात आली आहेत. त्यामुळे परदेशी नोकरीचे नाव निघाले की घरे दागिने मोडायला तयार होतात. येथे कायदा स्पष्ट आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परदेशात माणसे पाठवणाऱ्या एजंटाला नोंदणी घ्यावी लागते. त्याचा परवाना क्रमांक त्याच्या कार्यालयात आणि जाहिरातीत दिसला पाहिजे, आणि तो सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासता येतो. एजंटाला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो, म्हणजे एकूण ३५,४००. त्याची पावती दिलीच पाहिजे. नोकरीच्या करारावर परदेशी मालक, नोंदणीकृत एजंट आणि जाणारा कामगार अशा तिघांच्या सह्या हव्यात. व्हिसा कामाचा हवा. ‘आधी पर्यटक म्हणून जा, तेथे गेल्यावर बदलून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. शंका असेल तर मुंबईत उत्प्रवासी संरक्षकाचे कार्यालय आहे, तेथे विचारावे.

हे नियम न पाहता गेलेल्यांचे काय झाले, तेही ऐका. कंबोडिया, लाओस, म्यानमार या देशांत संगणकावरच्या चांगल्या नोकरीचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना नेण्यात आले. तेथे त्यांना कोंडून, मारहाणीचा धाक दाखवून मोबाइलवरून लोकांना फसवण्याचे काम करायला लावले. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये सांगितले की तोपर्यंत कंबोडियातून सुमारे २५० भारतीयांना सोडवून परत आणले होते. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या फसवणूक केंद्रांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना थायलंडमार्गे हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत मायदेशी आणावे लागले.

आता दोन्ही टोके जुळवून पाहा. आमच्या घडीवाल्या पोराला संदेश पाठवणारे बोट कदाचित अशाच एखाद्या कोंडलेल्या पोराचे असेल, जो स्वतः नोकरीच्या खोट्या पत्रावर विश्वास ठेवून घरातून निघाला होता. एका खोट्या नोकरीतून दुसरी खोटी नोकरी निघते. म्हणून या गोष्टीला ‘चार पैशांचे नुकसान’ समजून सोडून देऊ नये.

खाते भाड्याने देणे म्हणजे काय

टोळी परदेशात असली तरी लुटीचे पैसे आधी येथल्याच कोणाच्या तरी बँक खात्यात उतरतात. ते खाते मिळवण्यासाठीही नोकरीचेच आमिष असते : ‘तुमच्या खात्यात कंपनीचे पैसे येतील, ते पुढे पाठवा, शेकडा दोन टक्के तुमचे’. किंवा नोकरीसाठी म्हणून आधार, पॅन, सही घेतात, खाते उघडतात आणि एटीएम कार्ड व सिम स्वतःजवळ ठेवतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मालेगावात काही तरुणांच्या बाबतीत तक्रार नोंदली गेली. बाजार समितीत नोकरी लावून देतो असे सांगून त्यांची कागदपत्रे घेतली, त्यांच्या नावाने खाती उघडली आणि त्या खात्यांतून शंभर कोटींहून अधिक रुपये फिरवले, असा तो आरोप आहे. निकालाचे काम न्यायालयाचे. पण साध्या घरातल्या मुलांना पोलिसांच्या आणि तपास यंत्रणांच्या चौकश्यांना तोंड द्यावे लागले, हा धडा आपण आजच घ्यायचा आहे.

खाते ही अमानत आहे. त्यावर आपले नाव आहे, म्हणून त्यातल्या प्रत्येक रुपयाचा जाब आपल्याला विचारला जाणार. ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर देत वर्षे जातात.

व्यापाऱ्यांसाठी यात आणखी एक धोका आहे. लुटीचा पैसा खात्याखात्यांतून फिरत असताना त्यातला काही भाग मालाची किंमत म्हणून एखाद्या प्रामाणिक दुकानदाराच्या खात्यातही येतो. तपास सुरू झाला की ती रक्कम, कधी कधी सगळे खातेच, रोखून धरले जाते. अशा वेळी वाचवतो तो फक्त कागद : बिल, बिल्टी, जीएसटीची नोंद, खरेदीदाराचा पत्ता. अनोळखी माणसाने दूरवरून पैसे टाकले आणि ‘माल नको, थोडे कापून बाकी दुसऱ्या खात्यावर पाठवा’ असे म्हटले तर कदापि पाठवू नये. रक्कम परत करायची ती बँकेला लेखी कळवून, ज्या खात्यातून आली त्याच मार्गाने.

आमच्या पोराच्या बाबतीतही असेच झाले. त्याला मिळालेले १,३०० रुपये दुसऱ्या कोणा फसलेल्या माणसाच्या पैशांतले निघाले. दीड महिन्याने त्याच्या खात्यावर रोक लागली. पगार त्याच खात्यात होता. लुटला तो, आणि जाब द्यायलाही तोच उभा. दोन महिने बँक आणि पोलीस ठाणे यांच्यात फेऱ्या झाल्या, तेव्हा खाते मोकळे झाले.

फसल्यास पहिल्या तासात काय करावे

१) आणखी एक पैसाही भरू नये. ‘शेवटची रक्कम भरा, सगळे मिळेल’ हाच तर फास आहे. बुडालेल्या उधारीमागे नवा माल पाठवू नये, हे आपण जाणतोच.

२) ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा, किंवा केंद्र सरकारच्या ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या संकेतस्थळावर तक्रार द्यावी. पैसे खात्याखात्यांतून पुढे सरकत असतात. जितक्या लवकर कळवाल तितके ते वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. आमच्या पोराची तक्रार शेवटची रक्कम भरल्यावर एक दिवसाने झाली. ४६,००० पैकी ९,००० च अडवता आले.

३) आपल्या बँकेला त्याच वेळी लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. पैसे आपण स्वतः पिन टाकून पाठवलेले असतात, म्हणून बँक भरपाई देईलच असे समजून बसू नये.

४) संदेश, क्रमांक, खात्यांची नावे, व्यवहाराचे क्रमांक यांतले काहीही पुसू नये. लाजेने मुले आधी तेच पुसून टाकतात, आणि पुरावा जातो.

५) जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे गुन्हा आहे, आणि संगणक किंवा मोबाइल वापरून तसे केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

६) पैसे गेल्यानंतर ‘आम्ही तुमची रक्कम परत मिळवून देतो, आधी फी भरा’ म्हणणारे फोन येतात. ते बहुधा त्याच टोळीचे किंवा तिच्या भावंडांचे असतात.

पैसे अजून गेले नसतील, नुसता संशयास्पद संदेश आला असेल, तर तो दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वरील ‘चक्षू’ या सोयीत कळवता येतो. ही सोय मार्च २०२४ पासून आहे. आणि हे तर घरातल्या प्रत्येकाला पाठ करून द्यावे : यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

मालक म्हणून आपले काम

नोकरीसाठी पैसे मागणे आपल्याच बाजारात रुळले असेल तर ठकाचे काम सोपे होते. कामावर ठेवताना कोणाकडून अनामत, ‘ओळखीचे’ पैसे किंवा दलाली घेऊ नये. आपल्या मुकादमाला घेऊ देऊ नये. ‘आमच्याकडे भरती फक्त दुकानावर समोरासमोर होते आणि तिच्यासाठी पैसे घेतले जात नाहीत’ अशी पाटी लावावी. आपल्या पेढीचे नाव कोणी वापरत असल्याचे कळले तर ताबडतोब तक्रार द्यावी आणि आपल्या पार्ट्यांना कळवावे.

दुसरे असे की कारागीर अचानक उचल मागू लागला तर प्रेमाने कारण विचारावे. त्याची लाज राखून विचारावे. फसलेला माणूस पैशांपेक्षा इज्जतीला जास्त भितो, आणि ठकाचा सगळा धंदा त्या भीतीवर चालतो. ‘ही गोष्ट कोणाला सांगू नका, जागा थोड्या आहेत’ असे तो मुद्दाम म्हणतो. म्हणून घरात आणि दुकानात असे वातावरण हवे की मुलगा पैसे भरण्याच्या आधी येऊन विचारील.

आमच्या दुकानात आता एक रीत आहे. कोणालाही नोकरीचा किंवा जोडकामाचा संदेश आला की तो दुपारच्या चहाच्या वेळी सगळ्यांपुढे मोठ्याने वाचायचा. मग एकच सवाल करायचा : यात पैसे कोणाकडून कोणाकडे जातात? मजुरी नेहमी मालकाकडून कारागिराकडे येते. उलटी जात असेल तर ती मजुरी नव्हे, आणि ती नोकरीही नव्हे. पहिले पैसे मिळाले तरी नव्हे. उलट पहिले पैसे फार सहज मिळाले, तर दुप्पट सावध व्हायचे.

तो तरुण अजून आमच्याकडेच आहे. १२,००० ची उचल आम्ही दर आठवड्याला थोडी थोडी कापून घेतली. त्याने माफी मागितली नाही आणि आम्ही माफ केली नाही, कारण हिशेब हिशेबाच्या जागी राहावा असे दोघांनाही वाटले. भिशीचे पैसे मात्र त्याची आई अजून फेडते आहे. चहाच्या वेळी संदेश वाचून दाखवण्याचे काम आम्ही त्यालाच दिले आहे. गेल्या महिन्यात शेजारच्या गाळ्यातला एक पोरगा ‘घरबसल्या काम, रोज दोन हजार’ असा संदेश घेऊन आला, तेव्हा आम्हाला तोंड उघडावे लागले नाही. यानेच विचारले, “आधी किती भरायला सांगितले?”

व्यापारी बंधूंनी आपल्या दुकानात, कारखान्यात हा सवाल आजच सुरू करावा.